पहिल्या स्टार्टअप परिषदेला जाताना: विदर्भातल्या खेड्यातून निघणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

यवतमाळ, बुलडाणा, गडचिरोलीकडची पोरं-पोरी आता स्टार्टअप काढतात, आणि चांगले काढतात. वावरातला प्रश्न त्यांना कुणी समजावून सांगावा लागत नाही. अडतं ते पुढे. परिषदेचं बोलावणं येतं, किंवा कॉलेजचे सर म्हणतात "अर्ज टाकून दे", आणि मग पुढचं कुणाला विचारावं हेच कळत नाही. पुण्या-बंगळुरूच्या मुलांना हे वरच्या वर्गातले सांगतात. आपल्याकडे तालुक्याला असं कुणी नसतं.

मी घाटंजी तालुक्यातला. पार्टनर आणि मी कापसातला ओलावा मोजायचं हातात मावणारं यंत्र बनवतो, आणि त्यानिमित्ताने नागपूर, मुंबई, बंगळुरूला जाऊन बोललो आहे. मला जे नेहमी विचारलं जातं, आणि जे विचारायला हवं पण कुणी विचारत नाही, ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं कापसाची आहेत. तुमचा धंदा संत्र्याचा, तुरीचा, मोहाचा किंवा दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचा असला तरी पायऱ्या त्याच.

१. आधी एक मागणी कागदावर लिहा

तिकीट, स्लाइड, कपडे हे सगळं नंतर. आधी वहीत एक वाक्य पूर्ण करा: "या परिषदेतून मला अमुक हवं आहे."

"ओळखी वाढवायच्या", "एक्सपोजर घ्यायचं" ही मागणी नाही. समोरचा माणूस त्यावर काहीच करू शकत नाही. मागणी अशी हवी: "येत्या हंगामात तीन जिनिंगच्या गेटवर आमचं यंत्र ठेवून पाहायचं आहे." (जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढणारा कारखाना.) किंवा: "शंभर-दीडशे नग सर्किट बोर्ड बनवून देणारा पुरवठादार हवा आहे." किंवा: "हार्डवेअरचा धंदा स्वतः केलेला एक मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, हवा आहे." हे ऐकल्यावर माणूस एकतर मदत करतो, नाहीतर ज्याच्याकडे पाठवायचं त्याचं नाव सांगतो. दोन्ही तुमच्या कामाचं.

कोणत्या परिषदेला जायचं, भाषणाचा शेवट काय करायचा, कुणाला भेटायचं, हे सगळं या वाक्यावरून ठरतं. म्हणून ते ठरेपर्यंत पुढे जाऊ नका. आणि एक स्पष्ट सांगतो: वावरात किंवा बाजारात अजून काहीच वापरून पाहिलं नसेल, तर पहिल्या खेपेला गुंतवणूक मागू नका. पहिला ग्राहक मागा, जागा मागा, सल्ला मागा. गुंतवणूकदार तुम्हाला "कोण वापरतंय?" हेच विचारणार आहे, आणि त्याचं उत्तर परिषदेत तयार होत नाही.

२. परिषद निवडा, जवळची आधी

सुरुवात नागपूरपासून करा. शेतीशी संबंधित काम असेल तर ॲग्रोव्हिजन. २००९ पासून नागपुरात भरणाऱ्या या कृषी प्रदर्शनात तुमचा खरा ग्राहक, म्हणजे शेतकरी, स्वतः चालत येतो. मोठ्या शहरातल्या चकाचक परिषदेत तो तुम्हाला दिसणारही नाही. उद्योगवाल्यांना भेटायचं असेल तर २०२४ पासून सुरू झालेलं ॲडव्हांटेज विदर्भ आहे. उद्योजकांच्या टाय या जागतिक संघटनेची नागपुरात शाखा आहे, तिच्या लहान बैठकांना जाऊन सवय होते. लहान बैठकीत समोरचा माणूस निवांत बोलतो, हे विसरू नका.

त्यानंतर मुंबई. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी स्टार्टअप सप्ताह घेते. त्यात निवडलेले स्टार्टअप सरकारी अधिकाऱ्यांपुढे आणि तज्ज्ञांपुढे आपलं काम मांडतात आणि २४ विजेत्यांना सरकारी विभागात काम करून दाखवण्यासाठी कार्यादेश, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, मिळतो. सुरुवातीच्या वर्षांत या ऑर्डरची रक्कम १५ लाख रुपयांपर्यंत होती. ज्याचा ग्राहक सरकारी खातं आहे, त्याने इतर कुठे जाण्याआधी इथे अर्ज करावा. बंगळुरू टेक समिट आणि २०२४ पासून दिल्लीत भरणारा स्टार्टअप महाकुंभ या फार मोठ्या जत्रा आहेत. तिथे मागणी पक्की असेल तरच जा, नाहीतर दोन दिवस नुसते स्टॉल पाहण्यात जातात.

आपल्याकडची एक खास अडचण: परिषदांचा हंगाम आणि वेचणीचा हंगाम एकच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घरात माणूस लागतो. घरच्यांशी उन्हाळ्यातच बोलून ठेवा की या दोन तारखांना मी नसेन. ऐन वेळी सांगितलं तर भांडण होतं आणि डोकं तिकडेच राहतं.

सापळा इथे पहिला आहे. "आपली तरुण उद्योजक पुरस्कारासाठी निवड झाली आहे, बोलण्याची संधीही मिळेल, फक्त नोंदणी शुल्क भरा" असे मेल येतात. तुम्ही अर्जच केला नसताना निवड झाली असेल तर ते पैसे काढायचं काम आहे. मागच्या वर्षी तिथे बोललेल्या दोघांना लिंक्डइनवर शोधा आणि सरळ विचारा. खऱ्या परिषदेत बोलणाऱ्याकडून सहसा पैसे घेत नाहीत. उलट पास फुकट असतो, कधी प्रवासखर्चही मिळतो. नुसतं ऐकायला जायचं असेल तर विद्यार्थ्यांसाठी आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी सवलत आहे का ते विचारा. पासच्या किंवा स्टॉलच्या दराखाली "अधिक जीएसटी" लिहिलं असेल तर १८ टक्के वाढवूनच हिशोब धरा.

३. बोलण्यासाठी अर्ज

नव्या माणसाला साधारण तीन दारं असतात: तीन ते पाच मिनिटांची पिच (मंचावर आपलं काम थोडक्यात मांडणं), डेमो (वस्तू चालवून दाखवणं), आणि पॅनलवरची खुर्ची (इतरांसोबत मंचावर चर्चेला बसणं). पहिली दोन धरा. पॅनलचं बोलावणं ओळख झाल्यावर आपोआप येतं.

अर्ज कार्यक्रमाच्या कित्येक महिने आधी बंद होतात. त्यात विषय, दीडशे शब्दांचा सारांश, स्वतःची चार ओळींची ओळख आणि बहुतेक वेळा एक छोटा व्हिडिओ मागतात. निवडणारा माणूस एका बैठकीत ढीगभर अर्ज वाचतो. "शेतीत एआय आणि आयओटीची क्रांती" हे शीर्षक त्या ढिगात शंभर जणांचं असतं. "जिनिंगच्या गेटवरून कापूस परत का येतो, आणि तो वावरातच कसा मोजायचा" हे तुमचंच असेल. गावाचं नाव, पिकाचं नाव, नेमका प्रसंग लिहा. गावाकडचे आहोत हे लपवण्याची मुळीच गरज नाही. निवड समितीला तेच हवं असतं, कारण सभागृहात बाकी सगळे शहरातून बोलणारे असतात.

व्हिडिओ वावरात काढा, पण वारा नसताना. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, उभं राहून फोनवर काढलेल्या व्हिडिओत वाऱ्याचा आवाज इतका येतो की तुमचं बोलणं ऐकूच येत नाही. साधा कॉलरचा माइक लावा.

निवड झाल्याचा मेल आला की लगेच हे विचारून घ्या: नेमकी किती मिनिटं, त्यात प्रश्नोत्तरं धरली आहेत का, भाषा कोणती चालेल, स्लाइड कधी पाठवायच्या, टेबल आणि विजेचा पॉइंट मिळेल का, प्रवासखर्च कोण करणार. मेलवरच विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

४. पेटंट घ्यायचं असेल तर मंचावर जाण्याआधी

हा भाग छोटा आहे, पण चुकला तर दुरुस्त होत नाही. आपल्याकडे पेटंटच्या अर्जाआधी तुम्ही शोध जाहीर सांगितला, तर तो नवा राहत नाही, आणि मग पेटंट मिळत नाही. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना १२ महिन्यांची सूट आहे, पण तुमची परिषद त्यात असेल असं धरून चालू नका. जाण्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज दाखल करा. एकट्या व्यक्तीला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, आणि त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. मसुदा मात्र जाणकाराकडून तपासून घ्या.

गुंतवणूकदाराकडून आधी गुप्ततेच्या करारावर सही मागू नका, ते करत नाहीत. काय केलं ते सांगा, आतलं कसं चालतं ते सांगू नका. सेन्सरची रचना, कोड, आकडे जुळवायची पद्धत हे स्लाइडवर येता कामा नये.

५. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं फोनमध्ये, मेलमध्ये आणि एका फाइलमध्ये छापील, अशी तिन्हीकडे ठेवा.

- आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, निवडीचा मेल, पासचा क्यूआर कोड (स्क्रीनशॉट काढून, गेटवर नेटवर्क मिळत नाही)
- कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन
- केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडियाचं मान्यतापत्र असेल तर ते
- उद्यम नोंदणीचं (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र
- कामाचा एक पानी गोषवारा, वीस-पंचवीस प्रती
- व्हिजिटिंग कार्ड
- लॅपटॉप, चार्जर, एचडीएमआय आणि टाइप-सीचा जोड, वायरचं बोर्ड
- स्लाइड पेनड्राइव्हवर, फोनमध्ये आणि मेलवर. डेमोचा व्हिडिओ ऑफलाइन
- यंत्र, सुटे सेल, छोटा स्क्रूड्रायव्हर, इन्सुलेशन टेप
- खिशात मावणारी वही आणि दोन पेनं

स्टार्टअप इंडियाची मान्यता आणि उद्यम नोंदणी दोन्ही फुकट आहेत. उद्यमसाठी तर आधार आणि पॅनवर काम होतं. तालुक्याच्या ठिकाणी यासाठी हजारो रुपये मागणारे बसले आहेत, त्यांना देऊ नका. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की एकट्याच्या मालकीच्या दुकानाला, म्हणजे प्रोप्रायटरशिपला, स्टार्टअप इंडियाची मान्यता मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी, नोंदणीकृत भागीदारी यांसारखी नोंदणी लागते. परिषदेच्या आठवड्यात हे कळलं तर काही करता येत नाही.

कार्डावर फोन, मेल आणि एका ओळीत काम: "शेतातच कापसाचा ओलावा मोजणारं यंत्र". "संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी" हे लिहिलं काय, न लिहिलं काय. कामाची ओळ मात्र हवीच.

६. भाषण बांधणं

यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. पाच मिनिटं मिळाली असतील तर चार मिनिटांचं तयार करा, उरलेलं एक मिनिट माइक आणि टाळ्या खातात.

पहिल्या मिनिटात प्रश्न, आणि तो आकड्यात. मी असं सांगतो: सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्यापर्यंत कापसाला पूर्ण भाव देते. त्याच्या वर प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात, आणि १२ च्या वर गेला की घेतच नाही. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ओलावा ११ टक्के निघाला तर क्विंटलला २४३ रुपये ३० पैसे जातात. वीस क्विंटलच्या गाडीत ४,८६६ रुपये. आणि १३ निघाला तर भरलेली गाडी, दिलेलं भाडं, गेलेला दिवस, सगळं तसंच घरी परत. मग मी विचारतो: हा आकडा शेतकऱ्याला कुठे कळतो? गेटवर. घरून निघण्याआधी कळला असता तर त्याने कापूस दोन दिवस उन्हात पसरला असता.

एवढं झालं की कापूस कधी न पाहिलेल्या माणसालाही प्रश्न कळलेला असतो. "शेतकऱ्यांची अवस्था वाईट आहे", "विदर्भ म्हणजे आत्महत्या" असं सुरू करू नका. सभागृह हळहळतं आणि विसरतं. आपल्या माणसांचं दुःख विकून आपला धंदा उभा करायचा नाही, हे माझं ठाम मत आहे. हिशोब मांडा. हिशोबाला मान मिळतो.

दुसऱ्या मिनिटात वस्तू दाखवा. तिसऱ्यात पुरावा: किती जणांनी वापरलं, तुमचा आकडा आणि भट्टीत सुकवून काढलेला आकडा यात फरक किती. फरक असेल तेवढाच सांगा. ऐकणाऱ्यांत एखादा कापूस संशोधन संस्थेतला माणूस बसलेला असतो, आणि फुगवलेला आकडा त्याला लगेच कळतो. मग पैसे कोण देणार: शेतकरी, गट, शेतकरी उत्पादक कंपनी की जिनिंगवाला? शेवटी पहिल्या पायरीतली मागणी, तेच वाक्य. आणि थांबा.

बाजारपेठेचा आकडा विचारतातच. "महाराष्ट्रात कापूस ४० लाख हेक्टरच्या आसपास, त्यातले एक टक्का धरले तरी..." हे गणित सगळे करतात आणि कुणीच मानत नाही. खालून वर या: माझ्या तालुक्यात इतकी गावं, गावात एक यंत्र भाड्याने फिरवलं तर हंगामात इतकी मोजणी, एका मोजणीला इतके रुपये, आणि असे इतके तालुके. आकडा लहान निघेल. निघू द्या. तो तुमच्या पायाखालचा आहे, कुणी कितीही खोदून विचारलं तरी तुम्ही उत्तर देऊ शकता.

स्लाइड सहा-सात पुरे. शेवटच्या ओळीतल्या खुर्चीवरून वाचता येईल एवढं अक्षर. फोटो स्वतः काढलेले, इंटरनेटवरचा हसरा शेतकरी नको. देवनागरीत स्लाइड केल्या असतील तर पीडीएफ करूनच न्या. आयोजकांच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसतो आणि वेलांट्या-जोडाक्षरं इकडची तिकडे होतात.

भाषेबद्दल. ज्या भाषेत प्रश्नांची उत्तरं देऊ शकता, त्या भाषेत बोला. नागपुरात मराठी-हिंदी दोन्ही चालतं, मुंबईतही. बंगळुरूला स्लाइड इंग्रजीत ठेवा, पहिली तीन वाक्यं आणि शेवटची मागणी इंग्रजीत तोंडपाठ करा, मधलं सोप्या इंग्रजीत किंवा हिंदीत सांगा. पूर्ण भाषण पाठ केलं की एक शब्द अडला तरी पुढचं सगळं अडतं.

तालीम तीन वेगळ्या माणसांपुढे करा: ज्याचा हा प्रश्न आहे असा शेजारचा काका, कॉलेजचे सर, आणि कापसाशी काही संबंध नसलेली कुणीतरी, म्हणजे बँकेतली ताई वगैरे. काका म्हणतील, "हे तर मले माहीतच हाय, यंत्राचं सांग." ताई विचारेल, "सीसीआय म्हणजे काय?" दोघांचंही ऐका. फोनवर रेकॉर्ड करून स्वतःही पाहा.

डेमोबद्दल एक बारीक गोष्ट, जी सभागृहात गेल्याशिवाय कळत नाही. कापूस हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. घरून नेलेला ओला नमुना एसी हॉलमध्ये उघडा ठेवला तर दुपारपर्यंत सुकतो, आणि मंचावर ओल्या-कोरड्याचा आकडा जवळजवळ सारखा येतो. मी दोन्ही नमुने घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत नेतो, झाकणावरून टेप लावतो, आणि मोजायच्या क्षणीच उघडतो. ओला नमुना आदल्या संध्याकाळी तयार करायचा. फार दिवस डब्यात कोंडला तर त्याला वास सुटतो. तुमच्या वस्तूचंही असं काहीतरी असेल: संत्र्याचा फोटो हॉलच्या पिवळ्या दिव्यात वेगळा दिसेल, मातीचा सेन्सर कुंडीत वेगळं वागेल. घरीच पंखा, एसी, अंधार यांत करून पाहा.

७. प्रवास आणि मुक्काम

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या मागेपुढे परिषद असेल तर त्याच दिवशी काढा. यवतमाळकडच्यांनी धामणगाव किंवा बडनेऱ्याहून गाडी धरायची, आणि तिथपर्यंतच्या एसटीला दोन तास जास्तीचे ठेवायचे. भाषणाच्या दिवशी सकाळी पोचणारी गाडी घेऊ नका, आदल्या दिवशीच पोचा. विमानाने जात असाल तर पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात त्या चालत नाहीत. उघड्या वायरांचं यंत्र असेल तर डब्यात बसवून न्या, आणि ते काय आहे हे सांगणारा कंपनीच्या लेटरहेडवरचा कागद सोबत ठेवा.

मुक्काम ठिकाणापासून जवळ घ्या, थोडा महाग पडला तरी. मुलींना विशेष सांगते आमच्या टीममधली मैत्रीण: आयोजकांना बिनधास्त विचारायचं की बाकीच्या महिला वक्त्या कुठे उतरल्या आहेत, आणि तिथेच खोली घ्यायची.

८. मंचावर

तुमच्या सत्राच्या तासभर आधी स्टेजमागच्या साउंडवाल्या दादांना भेटा. नाव विचारा, स्लाइड त्यांच्या मशीनवर लावून पाहा, क्लिकर दाबून पाहा, व्हिडिओचा आवाज येतो का ते बघा. अडचण आली तर धावून येणार ते हेच, आयोजक नाहीत.

माइक हनुवटीजवळ, आणि यंत्र दाखवताना माइकचा हात खाली जातो, म्हणून कॉलर माइक मागा. समोर वेळेचं घड्याळ असेल तर एक मिनिट उरलं की जिथे असाल तिथून मागणीवर या. मागणी न सांगता उतरलात तर भाषण अर्धंच झालं.

प्रश्न ठरलेले असतात. बाजारात स्वस्त चिनी मापक मिळतं, तुमचं का घ्यावं? जिनिंगवाले हे आवडून घेतील का? यंत्र बिघडलं तर गावात दुरुस्त कोण करणार? हंगाम संपला की बाकीचे महिने काय? प्रत्येकाचं उत्तर तीस सेकंदांचं तयार ठेवा. आकडा आठवत नसेल तर अंदाज ठोकू नका. "हा आकडा आत्ता माझ्याजवळ नाही, आज रात्री मेल करतो" म्हणा, त्यांच्यासमोर वहीत लिहा, आणि रात्री खरोखर करा. एवढ्यावरून पुढची भेट ठरलेली मी पाहिली आहे.

९. ओळखी: हॉलच्या बाहेरचं काम

हे घरूनच सुरू होतं. वक्त्यांची आणि स्टॉलची यादी वेबसाइटवर येते. तिच्यातून तुमच्या मागणीशी संबंध असलेले आठ-दहा जण निवडा. प्रत्येकाला लिंक्डइनवर तीन ओळी: मी कोण, काय बनवतो, अमुक दिवशी दहा मिनिटं भेटता येईल का. निम्मे उत्तर देणार नाहीत. पण समोर गेल्यावर "मी तुम्हाला मेसेज केला होता, कापसाच्या ओलाव्याचं यंत्र" एवढं म्हणायला जागा तयार असते.

मोठा वक्ता मंचावरून उतरला की त्याच्याभोवती गर्दी होते. तिथे ढकलाढकली करू नका. चहाच्या रांगेत, नोंदणीच्या टेबलाशी, शेवटच्या तासाला कंटाळलेल्या स्टॉलवर माणसं मोकळी भेटतात. आणि तुमच्यासारखेच, पण दोन-तीन वर्षं पुढे असलेले उद्योजक शोधा. सर्किट बोर्ड कुठे करायचा, प्लास्टिकचा साचा कितीला पडतो, कोणता इनक्युबेटर (नव्या स्टार्टअपला जागा आणि सल्ला देणारी संस्था) खरंच मदत करतो, हे तेच सांगतात. माझ्या कामाला सगळ्यात जास्त उपयोग अशांचाच झाला.

सुरुवात कशी करायची हे सगळ्यांना अवघड जातं. हात बांधून, मान खाली घालून "सर, थोडा वेळ आहे का" असं म्हणू नका. वेळ घेऊनच बोलायचं आहे, तर सरळ बोला:

"नमस्कार मॅडम, तुम्ही आत्ता पॅनलवर शेतकरी कंपन्यांना कर्ज मिळण्याबद्दल बोललात. मी यवतमाळ जिल्ह्यातून आलो. आम्ही शेतातच कापसाचा ओलावा मोजायचं यंत्र बनवतो. पुढच्या हंगामात वापरून पाहील अशी एखादी शेतकरी कंपनी तुमच्या ओळखीत आहे का?"

त्यांच्या बोलण्यातला एक धागा, तुमची ओळख, काम, मागणी. अर्ध्या मिनिटात झालं. मग ऐका. त्या बोलत असताना पुढे काय बोलायचं याचा विचार करू नका. संपवतानाही नीट संपवा: "मी उद्या मेल करतो, आता तुमचा वेळ घेत नाही." माणूस दूर गेला की लगेच त्याच्या कार्डामागे दोन शब्द लिहा, काय ठरलं आणि कधी. संध्याकाळी खिशात पंधरा कार्डं असतात आणि चेहरे आठवत नाहीत.

आपल्याकडचे चार जण भेटले की आपण दिवसभर त्यांच्यातच राहतो. बरं वाटतं, पण त्यासाठी एवढं लांब यायची गरज नव्हती. जेवताना भेटू असं ठरवा आणि वेगवेगळ्या दिशांना जा. रात्रीच्या पार्टीत दारू असते. न पिणाऱ्याने लिंबूपाणी घेऊन उभं राहावं, कुणी काही म्हणत नाही, आणि दोघा-तिघांशी बोलून लवकर निघावं.

इथले सापळे नीट वाचा. "मी तुम्हाला गुंतवणूकदारांशी जोडून देतो, आधी अमुक रुपये भरा" म्हणणारा भेटेल. "सरकारी अनुदान काढून देतो, वीस टक्के माझे" म्हणणाराही भेटेल. "सल्लागार म्हणून कंपनीत हिस्सा द्या" असं पहिल्याच भेटीत मागणारा, आणि तोही गळ्यात भारी बॅज असलेला, नक्की भेटेल. तिघांनाही एकच उत्तर: "पार्टनरशी आणि सीएशी बोलून कळवतो." परिषदेच्या जागी कशावरही सही करायची नाही, कितीही चांगलं वाटलं तरी.

१०. परत आल्यावर

घरी आलं की कापूस, लाइट, पाहुणे, सगळं वाट पाहत असतं. म्हणून पहिले मेल परतीच्या गाडीतच लिहा, आणि दोन दिवसांच्या आत सगळ्यांना गेले पाहिजेत. त्यानंतर समोरचा तुम्हाला विसरतो. लांब लिहू नका:

"नमस्कार सर. गुरुवारी चहाच्या वेळी आपण भेटलो होतो, कापसातला ओलावा मोजणारं यंत्र. आपण हिंगणघाटच्या एका जिनिंगमालकांचं नाव सुचवलं होतं. त्यांच्याशी ओळख करून द्याल का? सोबत एक पानी माहिती आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ जोडला आहे."

एका मेलमध्ये एकच मागणी. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण, नंतर सोडून द्या. एक साधी एक्सेल शीट ठेवा: नाव, कुठे भेटलो, काय ठरलं, पुढची तारीख. ज्यांनी मदत केली त्यांना त्यातून काय झालं ते कळवायचं, नाही झालं तरी कळवायचं. आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पाच ओळींचा मेल: काय केलं, काय अडलं, काय हवं. गुंतवणूकदार बहुतेक वेळा पहिल्या भेटीत नाही, अशा तिसऱ्या-चौथ्या मेलनंतर फोन करतो.

चाचणीसाठी कुणी तोंडी "हो" म्हटलं असेल तर एका पानावर लेखी घ्या: किती यंत्रं, किती दिवस, खर्च कुणाचा, मोजणीचे आकडे कुणाचे, मोडतोड झाली तर काय. जिनिंगवाल्यांच्या बाबतीत हे पान दसऱ्याआधी सही होऊन आलं पाहिजे. त्यानंतर गेटवर गाड्या लागतात, मालक फोन उचलत नाहीत, आणि तुमची चाचणी पुढच्या वर्षावर जाते.